भेंडीबाजार : इमारती, भाडेपावत्या आणि माणसे

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडून दक्षिणेस क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने निघाले म्हणजे महंमद अली रोडच्या आसपास जी दाट वस्ती लागते, तिच्यातील एका भागास भेंडीबाजार म्हणतात. कोकणातील मुसलमान कुटुंबांत हे नाव ऐकले नाही असे घर विरळाच. कोणी ‘बिहाइंड द बाजार’ या गोऱ्या साहेबांच्या शब्दांचा हा अपभ्रंश मानतात, तर कोणी तेथील भेंडीच्या झाडांवरून नाव पडले असे सांगतात. समुद्रकाठी हे झाड पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना दुसरी व्युत्पत्तीच अधिक पटेल, व मलाही तीच पटते.

या वस्तीत बोहरा, मेमन, खोजा, इराणी, कोकणी आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले कारागीर एकमेकांच्या शेजारी राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरादाबादकडील छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे तिघे बंधू येथे येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीस ‘भेंडीबाजार घराणे’ हे नाव मिळाले. गोमंतकीय गायिका अंजनीबाई मालपेकर या नझीर खाँसाहेबांच्याच शिष्या. एका बाजाराच्या नावाने संगीतातील घराणे ओळखले जावे, ही लहान गोष्ट नव्हे.

हा भाग पाडून नवा करण्याचा विचार आजकालचा आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. पुढे तो शहरभर पसरला, तेव्हा सरकारचे लक्ष दाट वस्त्यांकडे वळले व १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने नागपाड्यासारख्या वस्त्यांत पाडापाडी केली, सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. समुद्रावरची हवा शहराच्या पोटात यावी हा हेतू चांगलाच होता. परंतु प्रथम जितकी घरे पाडली तितकी बांधली गेली नाहीत. जमिनीच्या मालकास मोबदला मिळाला, भाडेकरू मात्र बोचके उचलून शेजारच्या चाळीत शिरला. परिणामी गर्दी हटली नाही, तिने केवळ गल्ली बदलली.

पुढची अडचण भाड्यातून निर्माण झाली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. गरीब माणूस शहरात टिकला तो या कायद्यामुळेच, हे विसरता कामा नये. पण लाकडी सांगाड्याच्या त्या इमारतीची दुरुस्ती इतक्या भाड्यात कोण करणार? मालकाने हात झटकले. खोल्या पागडीवर हातोहात फिरू लागल्या, आणि सामाईक संडासापुढची रांग व डगमगता जिना तसाच राहिला. अखेर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला व उपकर बसविण्यात आला. त्या वेळी अशा सुमारे १९ हजार इमारती शहरात होत्या. दुरुस्तीसाठी ज्यांना संक्रमण शिबिरात हलविले, त्यांपैकी कित्येकांची हयात तेथेच सरली.

या पार्श्वभूमीवर २००९ साली दाऊदी बोहरा समाजाचे ५२ वे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. सुमारे साडेसोळा एकर जमीन, अडीचशेच्या आसपास इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने अशी ही एकत्रित योजना आहे. भाडेकरूस निदान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळावयाचे. त्याचा खर्च जादा चटईक्षेत्र विकून भागवायचा. म्हणून जेथे चार-पाच मजली चाळी होत्या तेथे उंच मनोरे उभे राहतात. एकेक इमारत सुटी सुटी बिल्डरच्या हाती देण्यापेक्षा हा मार्ग अधिक बरा, असे माझे मत आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच परिसरातील पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. ‘जुने जतन करा’ असे दुरून सांगणाऱ्याने त्या सकाळचा विचार केला पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्या घराशी निगडित आहे. सुधारणा ट्रस्टच्या काळी मालक मोजला जाई, आता भाडेकरू मोजला जातो. ही प्रगतीच होय. पण भेंडीबाजार, डोंगरी, नागपाडा हे मोहल्ले ज्यांच्यावर चालले, त्या सर्वांची नावे भाडेपावतीवर कधीच नव्हती. दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कारागीर, पायरीवर जुनी उर्दू पुस्तके मांडून बसणारा विक्रेता, आणि आपल्या गावोगावच्या जमातींच्या खोल्या!

भाऊच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरलेला खलाशी सरळ गावाच्या जमातीच्या खोलीवर जाई. तेथे त्याची पेटी ठेवण्याची जागा व रात्री वळकटी पसरण्याचा हक्क एवढेच त्याचे मुंबईतील घर. जहाजावर नोकरी लागेपर्यंतचे दिवस तेथे निघत. जे. जे. मध्ये उपचारासाठी आलेला रुग्ण, हजला निघालेली वडीलधारी मंडळी, कॉलेजात नाव घालण्यासाठी गेलेला पहिला मुलगा यांनाही तोच आधार असे. अशी खोली पुष्कळदा गावातील एका वडीलधाऱ्याच्या नावे घेतलेली असते. तो अल्लाला प्यारा होऊन वर्षे लोटलेली असतात, वारस परदेशात असतात, जमात नोंदलेली नसते. इमारत पाडावयाची झाली म्हणजे विचारतात, भाडेकरू कोण? सारा गाव, हे उत्तर तेथे चालत नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीचा व्यवहार वैध ठरविला, पण हक्क सांगावयास कागद हवा. ज्या जमातींची खोली अजून चालू आहे, त्यांच्या विश्वस्तांनी जुन्या पावत्या, वीजबिले व वर्गणीची पुस्तके एकत्र करून खोली जमातीच्या नावे करण्याबाबत वकिलाचा सल्ला आताच घ्यावा, इमारतीवर नोटीस लागल्यावर नव्हे. काही खोल्यांत राहणाऱ्यांची वहीदेखील ठेवीत असत : नाव, बापाचे नाव, मोहल्ला, आल्याची तारीख, जहाजाचे नाव. अशी वही कोणाच्या घरी पेटीत पडलेली असल्यास तिची छायाप्रत शाळेत द्यावी. आठवी-नववीच्या मुलांना तिच्यावरून आपापल्या आजोबा-पणजोबांची नावे शोधता येतील, व इतिहासाच्या तासाला ते काम आम्ही करून घेऊ.