वई कोणी घालावी? महाड-पोलादपूर परिसरातील कूळ, कुंपण आणि हक्क : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

जमीनधारणेच्या इतिहासाचा अभ्यास प्रामुख्याने सारा, खंड आणि मालकी या तीन अंगांनी झालेला आहे. जमिनीच्या कडेला असलेल्या कुंपणाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक, कुंपण कोणी घालावे, त्यासाठी लागणारा काटा व लाकूड कोठून आणावे आणि कुंपणाच्या आत पिकलेल्या फळावर कोणाचा हक्क असावा, हे प्रश्न मालक व कूळ यांच्यातील संबंधांचे स्वरूप स्पष्ट करणारे आहेत. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या अंतर्भागातील तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी व कुंपणाची रीत

सावित्री नदीचे खोरे आणि सह्याद्रीचा उतार यांनी हा प्रदेश घडविला आहे. खोऱ्यात भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि घरालगत परसू अशी येथील शेतीची सर्वसाधारण रचना होती. परसवात आंबा, फणस, शेवगा व पावसाळी वेल लावले जात. त्याभोवती काट्याकुट्यांची वई किंवा दगडावर दगड रचून केलेला गडगा असे. पावसाळ्यात गुरे राखणीखाली असत. पिके निघाल्यावर ती मोकळी सोडण्याचा प्रघात होता. त्यामुळे उन्हाळ्यात ज्याला भाजी वा रोप जगवायचे असेल त्यानेच वई घालावी, असा व्यवहार रूढ झाला.

वईसाठी लागणाऱ्या फांद्या व काटे वरकस जमिनीतून येत. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्यास लागणारी कवळेही तेथूनच आणावी लागत. म्हणून वरकस जमिनीवर ज्याचे नियंत्रण असे, त्याच्या मर्जीवर कुळाच्या परसवाचे संरक्षण काही अंशी अवलंबून राही.

खोती व्यवस्थेतील विसंगती

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः त्याच्या दक्षिण भागात, अनेक गावे खोती होती. सरकारचा सारा भरण्याची हमी घेणारा खोत हा गावातील प्रबळ घटक असे. कुळाकडून तो पिकाचा हिस्सा घेई. अनेक ठिकाणी वेठही घेतली जाई. अशा स्थितीत वई घालणे, गडगा रचणे, झाड लावणे व राखणे हे सर्व श्रम कुळाचे असत. परंतु जमिनीवरून केव्हा उठावे लागेल याची शाश्वती त्याला नसे. जबाबदारी कुळाकडे आणि हक्क खोताकडे, अशी ही विसंगत वाटणी होती.

१८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने पिकाची नासाडी करणारी गुरे पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार दिला. हा अधिकार केवळ मालकाला नव्हता, तर जमीन कसणाऱ्याला व ती ताब्यात असणाऱ्यालाही होता. गुरांच्या मालकानेच आपली गुरे आवरावीत, हे इंग्रजी विधितत्त्व या कायद्यामागे होते. वई ज्याच्या पिकाची त्याने घालावी, ही कोकणातील रीत त्याच्या उलट होती. ज्याची गुरे पकडायची तो खोतच असेल, तर दुर्बल कुळाला या अधिकाराचा कितपत उपयोग होणार, हे उघड आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा आहे.

चवदार तळ्याचा दाखला

कडेची निगा आणि आतील वस्तूवरील हक्क यांचा संबंध काय, हा प्रश्न महाड शहरात वेगळ्या स्वरूपात न्यायालयापुढे आला. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते होते आणि पलीकडे घरे होती. काठावरील जमिनीच्या पट्ट्या, पायऱ्या व दगडी बांध यांपैकी अनेकांची मालकी या घरमालकांकडे होती. मात्र १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचे व बहिष्कृततेची प्रथा अनादिकाळापासूनची असल्याचे सिद्ध न झाल्याचे न्यायालयाने मानले. काठाची मालकी असली तरी पाण्यावरील अनन्य हक्क त्यातून निर्माण होत नाही, असा निष्कर्ष या निकालातून निघतो.

खोती गावातील कुळाची स्थिती याच्या नेमकी उलट होती. तेथे कडेवर राबणाऱ्याला आतील जमिनीवरही हक्क नव्हता. तळ्याच्या प्रकरणात सार्वजनिक हक्क काठाच्या मालकीपासून वेगळा करणे न्याय्य ठरले. परसवाच्या बाबतीत श्रम आणि हक्क यांची सांगड घालणे हाच न्याय होता.

१९४८ चा कायदा

ही सांगड मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ ने बऱ्याच अंशी घातली. कलम २२ अन्वये कुळाच्या ताब्यातील जमिनीच्या सीमाखुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी, विरुद्ध करार वा रूढी असली तरी, कुळावर ठेवण्यात आली. संरक्षक बांधांची दुरुस्ती वादामुळे रखडल्यास शासनाने ती करवून घ्यावी व खर्च प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याकडून वसूल करावा, असे कलम २३ सांगते. मात्र करार वा रूढीने दुसऱ्या कोणावर जबाबदारी असल्यास त्या व्यक्तीकडून तो खर्च परत मिळविण्याची मुभाही देते.

या जबाबदारीच्या जोडीने हक्कही आले. कुळाने लावलेल्या झाडांचे उत्पन्न व लाकूड कुळाचे ठरले आणि कूळवहिवाट संपल्यास भरपाईची तरतूद झाली. कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला काढण्यास मनाई झाली व घराची जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याला मिळाला. येथे ‘जमीन’ या संज्ञेत घराची जागा आणि तिला लागून असलेली जमीनही समाविष्ट आहे, ही बाब महत्त्वाची ठरते. परसू हा घराचाच भाग होय, ही लोकव्यवहारातील जाणीव त्यामुळे कायद्याच्या भाषेत आली. पुढे १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’पासून कायद्यातील अटींच्या अधीन राहून कूळ हे जमिनीचे मानीव खरेदीदार झाले.

पुनर्वसन आणि नवी सीमा

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडीवते येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे तशीच आपत्ती ओढवली व पुनर्वसनाच्या घरांचे काम म्हाडाकडे सोपविण्यात आले. अशा वसाहतीत जुनी वई, जुना गडगा आणि शेजाऱ्यांच्या स्मरणातील हद्द यांचा आधार उरत नाही. सीमा केवळ नकाशावर असते. घराच्या किल्लीबरोबर मोजणीच्या खुणा, परसवाची जागा आणि कुंपणाच्या खर्चाविषयीचा स्पष्ट नियम दिला गेला नाही, तर पूर्वीची विसंगती नव्या रूपात अवतरण्याचा संभव आहे.

निष्कर्ष

महाड-पोलादपूरच्या अनुभवावरून असे दिसते की कुंपणाची जबाबदारी बहुधा जमिनीवर प्रत्यक्ष राबणाऱ्याकडेच राहिली. बदल झाला तो त्या जबाबदारीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या हक्कांत. खोतीच्या काळात ती केवळ ओझे होती, १९४८ नंतर ती धारणेच्या सुरक्षिततेशी जोडली गेली. म्हणून ‘वई कोणी घालावी’ हा प्रश्न ‘वईच्या आत कोणाचा अधिकार’ या प्रश्नासह विचारला गेला पाहिजे. ग्रामीण कोकणाच्या सामाजिक इतिहासात या जोडप्रश्नाला स्थान मिळणे आवश्यक आहे.