तपासणी, पटसंख्या आणि शिक्षणमूल्ये : निफाड-लासलगाव परिसराच्या संदर्भात

निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी सर्वत्र परिचित आहे. तेथे मालाचे मोल वजन व प्रत पाहून ठरते. शाळेचे मोलही असेच ठरविता येईल, ही कल्पना मात्र या बाजार समितीपेक्षा जुनी आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेशी जोडले. पुढे मुंबई इलाख्यात, सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षणखात्याचे संचालक असताना, खासगी शाळांसाठी 'निकालानुसार अनुदान' ही पद्धती आली. सरकारी पैशाचा हिशेब मागणे गैर नव्हते. परंतु तपासनिसाला एका दिवसात जे मोजता येईल, तेवढेच शिकविण्याकडे शाळांचा कल होणे स्वाभाविक होते.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेले निवेदन या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. तपासणीला त्यांचा विरोध नव्हता. उलट, वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याचा फारसा उपयोग नाही, शाळा निदान दर तिमाहीस आणि पूर्वसूचना न देताही तपासाव्यात, असे त्यांनी सुचविले. मात्र त्याच निवेदनात शिक्षकाला किमान बारा रुपये वेतन, मोडी-बालबोध लेखनवाचन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती आणि नांगर धरण्यास न लाजणारा गुरुजी, याही मागण्या आहेत. कार्यक्षमता आणि मूल्य यांची अशी एकत्र मांडणी नंतरच्या धोरणांत क्वचितच आढळते.

१९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने निकालानुसार अनुदानाचा मार्ग सोडला. मोजण्याची ओढ मात्र सुटली नाही. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीने बोगस पट उघडकीस आणला, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पुढे तीच पटसंख्या शाळेच्या अस्तित्वाची कसोटी ठरू लागली. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी प्राथमिक शाळेसाठी घरापासून धरलेले अंतर एक किलोमीटर आहे. लहान मुलाच्या पायांना तेही कमी नसते.

द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडील मजूर कुटुंबे निफाडच्या मळ्यांवर येतात. मुले सोबत आली की गावाकडील वर्ग रिकामा दिसतो आणि इकडच्या पटावर त्यांचे नाव असतेच असे नाही. मळ्यावर जाऊन अशा मुलाला शाळेत आणणाऱ्या शिक्षकाचे श्रम त्या दिवशीच्या उपस्थितीत एका आकड्याएवढेच दिसतात.