ताटीपासून कूलरपर्यंत : गारव्याचा एक इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठीही शिकविली आणि इतिहासही. त्यांच्या स्मृतिदिनी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने कूलरवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माणसे कशी जगली, हा प्रश्न येथे कोणी राज्य केले याइतकाच ऐतिहासिक आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो, की गारवा कोणाला मिळाला आणि तो कोणाच्या कष्टाने मिळाला, हा प्रश्नही आपोआप पुढे येतो.

प्रारंभ शब्दापासून करतो. जुनी सवय आहे. मराठीत ‘ताटी’ म्हणजे कुडाचे, झापांचे दार. मुक्ताबाईंच्या नावावरील ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला आहे. हिंदीतील ‘टट्टी’ ही याच कुळातली. बांबूच्या चौकटीत गवत भरून केलेला आडोसा, एवढाच तिचा मूळ अर्थ. पुढे शौचकूपाला असा आडोसा करू लागले आणि बिचाऱ्या शब्दाची प्रतिष्ठा गेली. ‘वाळा’ हा शब्दही असाच दुहेरी. एक वाळा बालकाच्या पायात रुणझुणतो, दुसरा माठातील पाण्याला सुगंध देतो. या दुसऱ्या वाळ्याची, म्हणजे खसाची, मुळे टट्टीत भरून तिच्यावर पाणी मारले, की बाहेरची झळ आत येताना गार आणि सुवासिक होते. आजच्या कूलरचे मूळ तत्त्व ते हेच.

या तत्त्वात गूढ काही नाही. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती उष्णता हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोनशे घनमीटर हवा दहा अंशांनी निवू शकते. मात्र हवा कोरडी हवी. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले असता जे तापमान दिसते, त्याच्या खाली कूलरला हवा नेता येत नाही. बाहेर 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर ही मर्यादा सुमारे 23 अंशांवर असते. उत्तम कूलर खोलीत 26–27 अंशांची हवा सोडू शकतो. पणजीत किंवा मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा 28 अंशांच्या आसपास राहते. म्हणून कोकणातला पाहुणा कूलरला नावे ठेवतो आणि ग्वाल्हेरकर त्याला दुवा देतो. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

आता इतिहासाकडे वळू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली. सोऱ्याच्या द्रावणात सुरई फिरवून पाणी गार करण्याची रीत तीत सांगितली आहे, तशीच अकबराने वाळ्याच्या झोपड्या उभारविल्याची नोंदही आहे. त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरे, अशा आशयाचे कौतुक त्याने केले आहे. पुढे 1660 च्या दशकात फ्रेंच प्रवासी बर्निये याने दिल्लीच्या उमरावांच्या हवेल्यांतील खसखान्यांचे वर्णन केले. ते बागेच्या मध्यभागी, हौदाजवळ बांधीत. का, तर नोकरांना बाहेरून पखालींनी त्यांवर पाणी टाकणे सोयीचे जावे म्हणून. ‘बाहेरून’ हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. गारवा आत होता आणि तो निर्माण करणारा माणूस बाहेर, उन्हात उभा होता.

आपल्या नगरीचा उन्हाळ्याशी झगडा याहून जुना. मानसिंह तोमराने पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीला किल्ल्यावर मानमंदिर बांधले. त्याच्या तळघरांत हवा खेळती राहावी म्हणून केलेली योजना आजही पाहावयास मिळते. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिचेच लष्कर शहर झाले. दख्खनच्या पठारावरून आलेल्या आपल्या पूर्वजांना झळ ठाऊक होती, परंतु लू ठाऊक नव्हती. त्यांनी येथील टट्टी स्वीकारली आणि ‘लू’ हा शब्दही. भाषा कोशातून जितकी वाढते, त्याहून अधिक ती अशा सोसण्यातून वाढते.

इंग्रजांच्या काळात या टट्टीला यंत्राची जोड मिळाली. 1830 च्या दशकात ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव धारण करणारे यंत्र उत्तर हिंदुस्थानात आले. धान्य उफणण्याच्या पंख्यासारखा पंखा पेटीत बसवावयाचा, भोवती ओल्या टट्ट्या लावावयाच्या आणि पेटी खिडकीला जोडावयाची. पंखा, ओले गवत व खिडकी ही कूलरची तिन्ही अंगे त्यात आली होती. उणीव होती ती विजेची. पंखा फिरविणारा माणूसच होता, आणि तोही बाहेर. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात विजेचा पंखा आणि लाकडाच्या बारीक छिलक्यांच्या गाद्या यांची सांगड घालून घरगुती कूलर तयार होऊ लागले. तेथे पंखा फिरविणाऱ्याची जागा मोटारीने घेतली.

येथे एक आठवण सांगतो. माझ्या लहानपणी आपल्या शाळेत एकच वाळ्याची टट्टी होती आणि ती मुख्याध्यापकांच्या खोलीला लावलेली असे. गुरुजी मुख्याध्यापक झाले त्या वर्षी एप्रिलच्या परीक्षेला त्यांनी ती काढून परीक्षेच्या वर्गाच्या दाराला लावली. पाणी मारण्याचे काम शिपायाकडे होते. दुपारी मी उत्तरपत्रिकेतून मान वर केली, तो शिपाई आत भिंतीशी बसलेला आणि बाहेर धोतराचा काचा मारून गुरुजी तांब्याने पाणी मारीत होते. त्यावर ते नंतर एक शब्दही बोलले नाहीत. बर्नियेचे वर्णन मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचले आणि तेव्हा मला तो दिवस कळला.

1970 च्या दशकात आमच्या घरी पत्र्याचा कूलर आला. तो खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसे आणि रात्रभर गर्जत असे. पण त्याच्यासमोर आजी, आम्ही भावंडे आणि भांडी घासणाऱ्या मावशींचे मूल अशी सारी एका ओळीत झोपत असू. नंतर प्लास्टिकचे, चाकांवर फिरणारे कूलर आले. 1988 साली अहमदाबादेत स्थापन झालेल्या सिम्फनी कंपनीचा त्यांच्या प्रसारात मोठा वाटा आहे. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला भिंत फोडता येत नाही. त्याला हा फिरता कूलर फार उपयोगी पडतो. दिवसा तो आजाऱ्याच्या खाटेजवळ न्यावा, रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाजवळ. दीड टनी वातानुकूलन यंत्राला सुमारे दीड हजार वॉट वीज लागते, तर लहान कूलरचे दीडशे-दोनशे वॉटमध्ये भागते. शिवाय वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता गल्लीत फेकते. बाहेरचा माणूस पुन्हा तापतोच. कूलर शेजाऱ्याच्या अंगावर अशी झळ टाकीत नाही.

मात्र गुण गाताना दोष झाकणे इतिहासकाराला शोभत नाही. कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी पितो आणि आपल्याकडे उन्हाळ्यातच पाणी दुर्मिळ होते. साचलेल्या टाकीत डेंग्यूचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एकदा ती रिकामी करून, घासून, कोरडी केली पाहिजे. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो जिवावर बेततो. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा. खोली बंद ठेवली तर दमट होऊन जीव घुसमटतो; समोरची खिडकी उघडी हवी. आणि पहिला पाऊस पडला की त्याची उपयुक्तता ओसरते.

तरीही हा विषय चैनीचा नाही. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1300 हून अधिक मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने 2013 साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. 19 मे 2016 रोजी राजस्थानातील फलोदी येथे पारा 51 अंशांवर गेला. अशा दिवसांत गारवा हे औषध ठरते, आणि औषध केवळ ऐपतदारापुरते असू नये.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता वातानुकूलन यंत्रे आहेत; माळ्यावर जुना कूलर पडून असेल. त्याच्या गाद्या बदलाव्यात, तारा तपासून घ्याव्यात आणि तो पहारेकऱ्याच्या खोलीत, मोलकरणीच्या घरी किंवा आपल्या शाळेच्या एखाद्या वर्गात पोहोचवावा. टट्टीवर पाणी मारणारा माणूस शतकानुशतके बाहेर उभा राहिला. त्याला आत बोलाविण्याचे काम गुरुजींनी एका दुपारी केले होते. ते अजून पुरे झालेले नाही.