दादाचं सैन्य, माझे व्हिलेजर: रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेमचं पुढे काय झालं?

मी रोज ज्या नकाशांवर काम करते, त्यातले बरेच नकाशे कुठल्याही खऱ्या जागेचे नाहीत. ते 'स्टारक्राफ्ट' (१९९८) आणि 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) या व्हिडिओ गेममधले आहेत. माझा पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगते. एकाच जागेत शंभर-दोनशे रोबो फिरत असतील, तर प्रत्येकाने कोणत्या वाटेने जावं, म्हणजे कोणी कोणाला धडकणार नाही आणि काम लवकर उरकेल? यासाठी नवी पद्धत काढली की ती सगळ्यांनी वापरलेल्या त्याच नकाशांवर चालवून दाखवावी लागते, नाहीतर तुलना कशी करणार? नेथन स्टर्टेवंट या संशोधकाने २०१२ मध्ये असा एक संच प्रसिद्ध केला आणि त्यात या गेमचे नकाशे आहेत.

परवा प्रगती अहवालाच्या बैठकीत एका सरांनी स्लाइडवरचा नकाशा बघून विचारलं, "पण मॅडम, हे गेम आता खेळतं कोण?" तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं. आज तेच जरा सविस्तर सांगते, कारण प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

एक मशीन, दोन माणसं

साधारण २००८ ची गोष्ट. मी पाचवीत होते. माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, मला नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत घेऊन जायचा. तासाला १५ रुपये. दोघांत मिळून एकच मशीन परवडायचं. त्यावर 'एज ऑफ एम्पायर्स २' असायचा. ती सीडी कुठून आली हे कोणी विचारत नसे.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बुद्धिबळात तुम्ही चाल करता, मग समोरचा करतो. इथे पाळी नावाची गोष्टच नाही, सगळे एकाच वेळी खेळतात. तुमचे व्हिलेजर लाकूड तोडतात, शेती करतात, सोनं आणि दगड खणतात. त्यातून घरं, बराकी, किल्ले उभे राहतात आणि शेवटी सैन्य. नकाशाचा जो भाग तुमच्या माणसांना दिसत नाही तो झाकलेला असतो, त्यामुळे शत्रू काय करतोय हे कळत नाही. आणि तुम्ही विचार करत बसलात तरी घड्याळ थांबत नाही. म्हणून नाव 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी'.

माऊस दादाकडे असायचा. तो सैन्य बघायचा. माझं काम शेजारी बसून व्हिलेजरवर लक्ष ठेवायचं. "दादा, लाकूड संपलं." "दादा, ते तिघं नुसतेच उभे आहेत." मध्येच लाईट जायची, कारण ते लोडशेडिंगचे दिवस होते, आणि अर्धं उभं राहिलेलं साम्राज्य तिथेच संपायचं.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत. शेजारचे काका एकटे चार माग सांभाळायचे. ते एका मागाकडे बघत असले तरी कान चारही मागांवर असायचे. कुठे कांडी संपली, कुठे धागा तुटला, हे त्यांना आवाज बदलल्यावर कळायचं. मला तेव्हा सुचलं नव्हतं, पण आज वाटतं की कॅफेत आम्ही दोघं मिळून जे करत होतो ते काका एकटे रोज करत होते. एका माणसाने एका वेळी किती गोष्टींवर लक्ष ठेवायचं? रिअल-टाइम स्ट्रॅटेजीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

एका वेळी किती?

या प्रकाराचा आज ओळखीचा असलेला साचा १९९२ मध्ये वेस्टवुड स्टुडिओजच्या 'ड्यून २' ने घातला. त्याआधी जपानमध्ये 'हर्झोग झ्वाय' (१९८९) सारखे प्रयत्न झाले होते. पण माऊसने माणूस निवडायचा, तळ बांधायचा, साधनं गोळा करायची, ही घडी 'ड्यून २' ने बसवली. त्यात एका वेळी फक्त एकालाच हुकूम देता यायचा. दहा रणगाडे असतील तर दहादा क्लिक! १९९४ च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये एकदम चार जण निवडता येऊ लागले. 'स्टारक्राफ्ट'मध्ये १२, 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) मध्ये ४०. पुढे 'स्टारक्राफ्ट २' (२०१०) ने ही मर्यादा जवळजवळ काढूनच टाकली.

याच काळात एक तांत्रिक अडचण फार सुंदर रीतीने सुटली. 'एज ऑफ एम्पायर्स' टेलिफोनच्या तारेवरून, २८.८ किलोबिटच्या मोडेमवर खेळता यावा असं त्याच्या कर्त्यांना हवं होतं. हजार-दीड हजार धनुर्धारी कुठे आहेत, किती जखमी आहेत, ही माहिती त्या वेगाने पाठवणं अशक्य होतं. मग त्यांनी ती पाठवलीच नाही. प्रत्येक मशीनवर पूर्ण लढाई स्वतंत्रपणे चालायची आणि तारेवरून फक्त हुकूम जायचे: "हे वीस जण तिकडे गेले." सगळ्या मशीनना तेच हुकूम त्याच क्रमाने मिळाले की सगळीकडे हुबेहूब तीच लढाई घडते. पण एका मशीनवर एक हरिण जरी वेगळ्या दिशेला वळलं, तरी पुढे सगळंच बिघडत जातं. 'आऊट ऑफ सिंक' असा संदेश येऊन गेम बंद पडायचा. कॅफेत तो संदेश आला की शेजारच्या मशीनवाल्याशी भांडण ठरलेलं.

दक्षिण कोरियात तर 'स्टारक्राफ्ट'चे सामने टीव्हीवर लागायचे. तिथले व्यावसायिक खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास क्लिक आणि कळा दाबायचे. म्हणजे सेकंदाला पाच. हे थक्क करणारं होतं, पण नव्या माणसाला घाबरवणारंही होतं.

उतरण

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मालक कंपनीने वेस्टवुड २००३ मध्ये बंद केलं. 'एज ऑफ एम्पायर्स' करणारा एन्सेम्बल स्टुडिओज मायक्रोसॉफ्टने २००९ च्या जानेवारीत बंद केला. त्यांचा शेवटचा गेम 'हेलो वॉर्स' त्यानंतर बाजारात आला. माऊसशिवाय, टीव्हीसमोर बसून हा प्रकार खेळता यावा म्हणून केलेला तो मोठा प्रयत्न होता. 'स्टारक्राफ्ट २' साठी विकायला नवं काही करणार नाही, असं ब्लिझार्डने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं.

यामागे एकच कारण नाही. मला सर्वात रंजक वाटतं ते कारण या खेळाच्या पोटातूनच आलं. 'वॉरक्राफ्ट ३' सोबत नकाशे बनवायचं साधन मिळायचं. हौशी लोकांनी त्यात 'डोटा' नावाचा नकाशा केला. त्यात तळ नाही, व्हिलेजर नाहीत, अख्खं सैन्यही तुमच्या हातात नाही. फक्त एक वीर, आणि सोबत चार मित्र, प्रत्येकाचा आपापला वीर. जे काम एकाने एकट्याने करायचं ते पाच जणांत वाटलं गेलं. यातूनच 'लीग ऑफ लेजंड्स' (२००९) आणि 'डोटा २' (२०१३) आले आणि तरुण खेळाडू तिकडे गेले. बुरूज उभारून शत्रूच्या लाटा अडवायचा 'टॉवर डिफेन्स' हा प्रकारही अशाच हौशी नकाशांमधून लोकप्रिय झाला. तळ बांधायची गंमत 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' (२०१२) ने फोनवर नेली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली: खेळायची जागाच गेली. एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्राशिवाय मशीन द्यायचं नाही, ओळखपत्र नसलेल्या मुलासोबत मोठं माणूस हवं, कोण किती वेळ बसलं याची नोंद किमान वर्षभर ठेवायची. सुरक्षेसाठी केलेले नियम होते, पण शाळा सुटल्यावर पंधरा रुपये घेऊन येणाऱ्या पोरांचं येणं त्यामुळे अवघड झालं. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि कॅफेत जायचं उरलंसुरलं कारणही संपलं. सहा इंचांच्या पडद्यावर अंगठ्याने चाळीस घोडेस्वार हलवणं कठीण, एक बंदूक चालवणं सोपं. पबजीने गल्ली जिंकली यात नवल नाही.

इतिहास लिहायला बसल्यावर एक गोष्ट खटकते. सोलापूरच्या त्या कॅफेंमध्ये काय खेळलं गेलं याचा कागद मला कुठेच सापडला नाही. नियमाने ज्या नोंदी ठेवल्या गेल्या असतील, त्या वर्षभरानंतर ठेवायची सक्ती नव्हती. उरल्यात फक्त आमच्यासारख्यांच्या आठवणी.

खेळ उतरला, प्रश्न उरला

बाजारात उतरण चालू असतानाच प्रयोगशाळांत उलटं घडत होतं. २००३ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे मायकेल ब्युरो यांनी मांडलं की बुद्धिबळानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रकार हाताळावा. कारण खरं जग असंच आहे: अर्धं झाकलेलं, न थांबणारं, आणि शेकडो निर्णय एकदम मागणारं. २०१९ मध्ये डीपमाइंडच्या 'अल्फास्टार'ने 'स्टारक्राफ्ट २' च्या क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वरची पातळी गाठली. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. यंत्र निव्वळ वेगाच्या जोरावर जिंकू नये म्हणून त्याला ५ सेकंदांत जास्तीत जास्त २२ कृतींची मर्यादा घातली होती. म्हणजे डावपेच कळतात का हे तपासायला यंत्राचा हात मुद्दाम आखडावा लागला.

माझा विषयही याच घरातला. अनेकांच्या वाटा एकमेकांना न छेदता सर्वोत्तम रीतीने ठरवणं हा गणिताच्या भाषेत 'एनपी-हार्ड' प्रश्न आहे. रोबो वाढत गेले की अचूक उत्तर काढायचा वेळ आवाक्याबाहेर जातो. म्हणून आम्ही 'पुरेसं चांगलं' उत्तर झटपट शोधतो. 'स्टारक्राफ्ट'च्या प्रोग्रामरनाही हीच अडचण आली होती. खाणीवर ये-जा करणारे कामगार एकमेकांत अडकून कोंडी व्हायची. त्यांनी काय केलं? खाणकाम करताना कामगारांना एकमेकांच्या आरपार जाऊ दिलं! पॅट्रिक वायट या त्यांच्यातल्याच एका प्रोग्रामरने हे पुढे लिहून ठेवलं आहे. गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत सापडलं की मला ही युक्ती हटकून आठवते. पण गोदामातल्या खऱ्या रोबोंना आरपार जाता येत नाही, म्हणून माझी पीएचडी आहे.

मग पुढे काय?

सोलापूरकरांना 'बंद पडणं' नवीन नाही. १८७० च्या दशकात उभी राहिलेली जुनी मिल बंद पडली, मागोमाग इतरही गेल्या. पण कापड विणणं थांबलं नाही, माग घराघरांत आणि शेडमध्ये चालत राहिले. या गेमचंही थोडंफार असंच झालं. मोठ्या स्टुडिओंची संख्या घटली, हौशींचे माग चालू आहेत. '०ए.डी.' हा मोफत, मुक्त सोर्सचा गेम स्वयंसेवक घडवतात आणि त्यात मौर्यही आहेत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये जुन्या 'कमांड अँड कॉन्कर'चा सोर्स कोड खुला केला. 'एज ऑफ एम्पायर्स २' ची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि २०२२ मध्ये तिने आधीच्या एकाच 'इंडियन्स'च्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर असे चार गट केले. देवगिरीचे यादव त्यात वेगळे नाहीत. ते कोणी करायचे, याचं उत्तर बहुधा डॅलस किंवा सिएटलकडे नाही, आपल्याकडेच आहे.

मात्र मोडकं सावरून चालवणं म्हणजे भविष्य नव्हे, हेही कबूल करायला हवं. गेल्या दिवाळीत मी दादाच्या मुलाला लॅपटॉपवर '०ए.डी.' लावून दिला. वय वर्षं नऊ. नवे तयार झालेले लोक चौकात नुसते उभे राहिलेले बघून तो म्हणाला, "आत्या, हे स्वतःहून कामाला का जात नाहीत?"

मला हसू आलं, पण प्रश्न नेमका होता. १९९९ मध्ये शेताचा कस संपला की ते पुन्हा हाताने घालावं लागायचं. २००० च्या विस्तारात पेरण्यांची आगाऊ रांग लावता येऊ लागली. २०१९ च्या आवृत्तीत ते आपोआप होतं, टेहळणीवाला घोडाही आपोआप फिरतो. जुने खेळाडू म्हणतात, अशाने कौशल्यच उरणार नाही. भाचा म्हणतो, कंटाळवाणं काम मी का करू? आणि सगळंच आपोआप झालं तर खेळायचं काय? या प्रकाराचं भविष्य मला याच वाटणीत दिसतं: कोणतं काम यंत्राला द्यायचं आणि कोणता निर्णय माणसाकडे ठेवायचा. हीच वाटणी उद्या गोदामांत, रुग्णालयांत, कदाचित आमच्या वस्तीतल्या मागांवरही करावी लागणार आहे. तिथे चुकलं तर 'आऊट ऑफ सिंक' म्हणून नवा डाव मांडता येणार नाही. म्हणून जुन्या गेमचे नकाशे अजून माझ्या टेबलावर आहेत. सरांना मी हे सांगायला हवं होतं.

भाच्याला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "तू सैन्य बघ, कामाला मी लावते त्यांना." दादा मागे उभा राहून बघत होता. पाच मिनिटांनी म्हणाला, "अगं, ते तिघं नुसतेच उभे आहेत."