मोटारीची पायरी : बग्गीपासून रुबिकॉनच्या खडकांपर्यंत

१/ उंच जीपगाडीच्या दाराखाली लावायची साइड स्टेप आज हौसेची जोडवस्तू म्हणून विकली जाते. वास्तविक ही पायरी मोटारीइतकीच जुनी. मध्यंतरी ती लोप पावली आणि परतली तेव्हा तिच्यावर येणारा भार बदललेला होता.

२/ आरंभीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच. चाके मोठी, बैठक उंच, रस्ते चिखलाचे. बग्गीची पायरी साहजिकच मोटारीकडे आली आणि लांबत जाऊन पुढच्या-मागच्या मडगार्डांना जोडणारी सलग फळी झाली. हेच रनिंग बोर्ड. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला ते होते. त्यावर पाय देऊन चढता येई, चिखल अडे आणि प्रवासाचे सामानही बांधता येई.

३/ १९३०च्या दशकात मोटारी रुंद आणि बुटक्या होऊ लागल्या. नोव्हेंबर १९३५मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘कॉर्ड ८१०’ अवतरली. तिचे इंजिन पुढची चाके फिरवी. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नसल्याने तिचा तळ पुष्कळ खाली आला आणि रनिंग बोर्डाचे प्रयोजनच संपले. महायुद्धानंतर बहुतेक नव्या मोटारींतून ते गेले.

४/ युद्धातल्या विलीज जीपलाही रनिंग बोर्ड नव्हते. कारण मात्र उलटे होते. ही गाडी उंचच हवी होती, पण तिच्या पोटाखाली लोंबणारे काही नको होते. बाजूचा पत्रा खोल कापलेला असे. सैनिक पाय टाकून थेट आत बसे. पुढे मुंबईच्या महिंद्रांनी याच जीपची जुळणी भारतात सुरू केली.

५/ युद्धानंतर जीप हौशी भटक्यांच्या हाती आली. १९५३ साली कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवर पहिली ‘जीपर्स जॅम्बोरी’ भरली. अशा खडकाळ वाटांवर दाराखालचा उंबरा खडकावर आपटून चेपतो. त्यावरचा उपाय म्हणजे ‘रॉक स्लायडर’: थेट चासीला जोडलेली जाड पोलादी नळी. गाडी खडकावर टेकली तरी भार पत्र्यावर न येता चासीवर जातो आणि गाडी घसरत पुढे सरकते.

६/ अशा रीतीने एका पायरीच्या दोन जाती झाल्या. साधी साइड स्टेप माणसाचा भार पेलते. ती खाली असल्याने ज्येष्ठांना आणि मुलांना सोयीची. पण खडकावर तीच आधी आपटते, वाकते आणि प्रसंगी उंबऱ्यात घुसते. स्लायडर गाडीचा भार पेलतो. तो उंबऱ्याला बिलगून वर बसतो, त्यामुळे चढताना त्याची मदत थोडी. शिवाय वजन वाढते ते निराळेच. दार बंद होताच आत सरकणारी विजेची पायरी खालची जागा मोकळी ठेवते; मात्र चिखल आणि खडी तिच्या सांध्यांना अडवू शकतात.

७/ निवड करताना चकाकी पाहण्याऐवजी गाडीखाली वाकून जोडणी पाहावी. ब्रॅकेट पत्र्याला आहेत की चासीला? किती ठिकाणी आहेत? स्वतंत्र चासी असलेल्या गाडीचा स्लायडर जॅकवर गाडीची बाजू उचलण्याइतका भक्कम असावा लागतो. ज्या पायरीला हा भार सोसवत नाही, ती पाय ठेवण्यापुरतीच समजावी आणि खडकाळ वाटेवर निघण्यापूर्वी काढून ठेवावी.