पीस-अथाबास्काचा आटलेला पूर

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का सरोवराच्या पश्चिम टोकाशी पीस, अथाबास्का आणि बर्च या नद्यांनी आणलेल्या गाळातून सुमारे ६००० चौरस किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश तयार झाला असून, समुद्रापासून दूर गोड्या पाण्यावर पोसलेल्या अशा प्रदेशांपैकी तो जगातील सर्वांत मोठ्यांत गणला जातो. १७८८ साली या परिसरात फोर्ट चिपेवायन हे केसाळ कातड्यांच्या व्यापाराचे ठाणे वसले, आणि पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे क्री, डेने व मेटी कुटुंबांचा चरितार्थ मासे, बदके आणि विशेषतः मस्करॅट या घुशीहून थोड्या मोठ्या पाणप्राण्याच्या शिकारीवर चालत राहिला. हा प्राणी पाणगवताची घरटी उथळ तळ्यांत बांधतो आणि हिवाळाभर बर्फाखालच्या पाण्यात वावरून पाणवनस्पतींची मुळे खातो. त्यामुळे तळे तळापर्यंत गोठले की तो उपासमारीने मरतो. तळ्यात हात-दोन हात पाणी जास्त आहे की कमी, यावर येथल्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ठरत असे.

या तळ्यांतील बरीचशी नदीच्या पातळीपेक्षा उंचावर असून त्यांना नदीचा थेट प्रवाह मिळत नाही. एरवी प्रदेशातील पाणी उत्तरेकडे वाहून पीस व स्लेव्ह नद्यांना मिळते, परंतु वसंतात बर्फ फुटून त्याच्या लाद्या पीस नदीच्या पात्रात अडकल्या की बर्फाचाच तात्पुरता बांध तयार होतो, मागे तुंबलेले पाणी उलटे दक्षिणेकडे शिरते आणि काठ ओलांडून उंचावरची तळी भरते. असा पूर दरवर्षी येत नसे, पण काही वर्षांनी एकदा आला तरी पुढच्या अनेक वर्षांची बेगमी होत असे.

ब्रिटिश कोलंबियात, हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, पीस नदीवर बांधलेल्या डब्ल्यू. ए. सी. बेनेट धरणात १९६८ पासून पाणी साठू लागले आणि १९७१ पर्यंत जलाशय भरत असताना खाली त्रिभुज प्रदेशातील सरोवरांची पातळी उतरली. गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ निर्माण झाल्याचे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा उलट परिणाम लक्षात घेण्याजोगा वाटेल. जलाशय भरल्यानंतरही अडचण मिटली नाही, कारण विजेसाठी हिवाळ्यात सोडलेल्या जादा पाण्यामुळे नदी वरच्या पातळीवर गोठू लागली, आणि तो बर्फ उचलून फोडण्यास वसंतात पूर्वीपेक्षा मोठा लोंढा लागू लागला. तळी आक्रसली, गवताळ पट्ट्यांत विलोची झुडपे माजली आणि सापळ्यांचा धंदा बसला.

यावर पहिला उपाय स्थापत्याचा झाला. १९७१ मध्ये कात्र फुर्श या प्रवाहावर दगडांचा तात्पुरता बांध घातला गेला, आणि १९७५-७६ मध्ये रिव्हियेर दे रोशे व रेव्हियों कूपे या निर्गम प्रवाहांत दगडी बंधारे बांधण्यात आले. मोठ्या सरोवरांची सरासरी पातळी त्यांनी बऱ्याच अंशी परत आणली, परंतु उंचावरची तळी कोरडीच राहिली, कारण त्यांना सरासरी पातळी नव्हे, काठावरून उसळणारा पूर हवा होता. १९७४ च्या मोठ्या पुरानंतर दोन दशके तसा पूर आला नाही. १९९६ च्या वसंतात बर्फ फुटण्याच्या नेमक्या वेळी धरणातून जादा पाणी सोडून नैसर्गिक लोंढ्याला जोड देण्याचा प्रयोग झाला आणि पूर आला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना हीच म्हणावी लागेल, कारण येथे प्रथमच पाण्याच्या पातळीऐवजी पाण्याच्या वेळेचा विचार झाला.

दोष धरणाचा किती आणि हवामानाचा किती, यावर संशोधकांत आजही एकमत नाही. तळ्यांतील गाळाच्या थरांवरून प्राचीन पाणीपातळीचा माग काढणाऱ्यांना धरणाआधीही कोरडे कालखंड दिसले आहेत. मात्र हिवाळे उबदार होऊन पीसच्या खालच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील हिमसाठा घटला, तर बर्फाचा बांध होण्याची शक्यताही घटते, हे उघड आहे.

त्रिभुज प्रदेशाचा बहुतांश भाग वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात येतो. १९२२ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान १९२६ मध्ये पीस नदीच्या दक्षिणेस वाढवले गेले, आणि तेथे वंशपरंपरेने राहणाऱ्यांपैकी कोणी शिकार करावी हे परवान्याने ठरू लागले. आगीच्या वापराबाबतचा निर्णयही असाच सरकारच्या हाती गेला. वसंतात जमीन ओली असतानाच गवताळ पट्टे जाळण्याची उत्तर अल्बर्टातील आदिवासींची रीत मानववंशशास्त्रज्ञ हेन्री लुईस यांनी १९७० च्या दशकात नोंदवली, तोवर सरकारी धोरणाने ती बव्हंशी बंद पाडली होती. आगीचा धोका मात्र टळला नाही: २०२३ च्या मे अखेरीस वणव्यामुळे फोर्ट चिपेवायन रिकामे करावे लागले, तेव्हा बारमाही रस्ता नसल्याने लोकांना विमानांनी आणि होड्यांनी हलवावे लागले.

हे उद्यान जागतिक वारसास्थळही असल्याने येथील मिकिस्यू क्री समाजाने २०१४ मध्ये जागतिक वारसा समितीकडे दाद मागितली, २०१६ मध्ये पाहणी पथक आले आणि २०१९ मध्ये कॅनडाने कृती आराखडा सादर केला. त्यात आदिवासी समाजांना निर्णयात वाटा देण्याची भाषा आहे, आणि ती उशिरा का होईना आली हे महत्त्वाचे आहे. तरीही उद्यानाच्या व्यवस्थापकांना ज्या पाण्याची गरज आहे त्याची दारे दुसऱ्या प्रांतात, वीजनिर्मिती करणाऱ्या संस्थेच्या हाती आहेत. वसंतात पाणी कधी आणि किती सोडायचे हे बंधनकारक करारात लिहिले जात नाही, तोवर उंचावरच्या तळ्यांबाबत कोणताही आराखडा अपुराच ठरेल.