रसिकता आणि अबकारी

स्कॉच व्हिस्कीचा आस्वाद कसा घ्यावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आधी रंग पाहावा, मग गंध घ्यावा, थोडे पाणी घालावे, घोट जिभेवर घोळवावा आणि गिळल्यानंतर मागे काय रेंगाळते याकडे लक्ष द्यावे. हा क्रम चुकीचा नाही. परंतु ज्या गुणांना आपण दाद देतो ते आले कोठून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचे उत्तर स्कॉटलंडच्या झऱ्यांइतकेच तिथल्या अडचणींत आणि कायद्यांत दडलेले आहे.

प्रथम रंग. भट्टीतून उतरणारे मद्य पाण्यासारखे नितळ असते. रंग येतो तो ओकच्या पिंपातून. ही पिंपे बहुधा दुसऱ्याने वापरून झालेली असतात. स्पेनहून शेरी ब्रिटनमध्ये पिंपांतून येई आणि रिकामी पिंपे तिथेच उरत. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले पिंप वापरण्याचा नियम झाला, आणि एकदा वापरलेल्या पिंपांचा मोठा साठा स्कॉटलंडला मिळू लागला. मनुका-खजुराचा भास शेरीच्या पिंपाचा आणि व्हॅनिलाचा भास बर्बनच्या पिंपाचा, असे जाणकार सांगतात, तेव्हा ते एका अर्थी जुन्या व्यापाराचीच नोंद वाचत असतात. केवळ रंगावर मात्र विसंबू नये. रंगासाठी साधे कॅरमेल घालण्यास कायद्याची मुभा आहे.

मग गंध. आयला बेटावरच्या लॅफ्रोइग किंवा लागावुलिनचा धुरकट वास अनेकांना पहिल्या भेटीत औषधी वाटतो. बेटावर झाडे विरळ. दलदलीत साचलेल्या वनस्पतींचे थर कापून वाळवायचे आणि तेच जाळायचे. या जळणाला पीट म्हणतात. मोड आणलेले सातू त्यावर वाळवले जात, आणि धूर दाण्यात उतरे. मुख्य भूमीवर रेल्वेने कोळसा पोहोचू लागला तसा तिथला धूर ओसरत गेला. म्हणजे आजची ही खासियत मुळात जळणाची टंचाई होती.

पाणी घालणे हा काहींना अपमान वाटतो. २०१७मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकावर केलेल्या अभ्यासात मात्र असे दिसले, की मद्य पातळ केल्यावर धुरकट वासाचा ग्वायकॉल हा घटक पृष्ठभागाकडे सरकतो. चार थेंबांनी गंध खुलतो, या जुन्या अनुभवाला त्यामुळे आधार मिळाला.

आता वय. स्कॉच किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. हा दंडक कोणा रसिकाने घातलेला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, मद्यपानाचे कडवे टीकाकार लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकाराने दोन वर्षे मुरवण्याची सक्ती झाली आणि वर्षभरात ती तीन वर्षांवर गेली. हेतू होता दारूला आळा घालण्याचा. साधला गेला तो दर्जा. तरीही अधिक वर्षे म्हणजे अधिक चव, असे समीकरण मांडता येत नाही. फार काळ ठेवलेल्या मद्यात लाकूडच तेवढे बोलू लागते.

मुळात व्हिस्की कशाला म्हणावे, हेही न्यायालयातच विचारले गेले. लंडनच्या इझलिंग्टन भागातील काही विक्रेत्यांवर १९०५ साली खटले झाले: सलग चालणाऱ्या यंत्रभट्टीतले धान्यमद्य व्हिस्की म्हणून विकले, हा आरोप होता. न्यायाधीशाने त्यांना दोषी धरले; परंतु १९०८मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने पुढच्याच वर्षी त्या मद्यालाही व्हिस्की म्हणून मान्यता दिली. मिश्र स्कॉचचा जगभरचा व्यापार त्या निर्णयावर उभा आहे. उसाच्या मळीपासूनचे मद्य मिसळलेली व्हिस्की भारतात त्याच नावाने विकता येते, युरोपीय संघात नाही. तो वाद याच प्रश्नाचे पुढचे पान आहे.

म्हणून आम्हांला वाटते, की बाटलीवरचा आकडा किंवा किंमत पाहून माना डोलावणे म्हणजे रसिकता नव्हे. घोटातला धूर कोणत्या जळणाचा, गोडवा कोणत्या पिंपाचा, हे ओळखू येऊ लागले, की लहानसा पेलाही पुरतो.